अ‍ॅरेमध्ये बाहेरची डिस्क घालताना

अ‍ॅरेमधली (एकत्र मिळून चालणाऱ्या डिस्कच्या संचातली) एक डिस्क उडाली आहे. एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) कधीच संपली. मूळ कंपनीच्या पार्ट नंबरची डिस्क एकतर मिळत नाही, किंवा तिच्या पैशात बाजारातल्या तीन-चार येतात. मग त्याच मापाची साधी डिस्क त्या कॅडीत (डिस्क धरणाऱ्या चौकटीत) बसवली तर चालेल का?

यात दोन प्रश्न आहेत. अ‍ॅरे ती डिस्क घेईल का, हा एक. घेतल्यावर रिबिल्डच्या (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा रचण्याच्या) ओझ्याखाली आणि पुढची काही वर्षं ती नीट वागेल का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर पाच मिनिटांत मिळतं, म्हणून बरेच जण तिथेच थांबतात. डेटा जातो तो दुसऱ्यामुळे.

कुलूप कुठे आहे

‘प्रमाणित’ डिस्क बहुतेक वेळा सीगेट, तोशिबा किंवा वेस्टर्न डिजिटलचीच असते. अ‍ॅरे विकणारी कंपनी तिच्यात स्वतःचं फर्मवेअर (डिस्कच्या आतलं सॉफ्टवेअर) घालते, डिस्क आपली ओळख सांगते ती स्ट्रिंग बदलते, आणि आपल्या बॅकप्लेन-एक्स्पांडरवर (डिस्क जिथे जोडल्या जातात त्या बोर्डावर) ती तपासून घेते. यातली तपासणी खरी असते. किमतीतला फरक मात्र सगळा तपासणीचा नसतो, हे वेगळं सांगायला नको.

कुलपाची जात मशीनप्रमाणे बदलते. डेलने २०१० च्या सुमारास पर्क एच७०० आणि एच८०० या कंट्रोलरवर (डिस्क सांभाळणाऱ्या कार्डांवर) बाहेरच्या डिस्क सरळ अडवल्या होत्या. ग्राहकांनी आरडाओरडा केल्यावर पुढच्या फर्मवेअरमध्ये ते बंधन काढलं. आता पर्क बाहेरची डिस्क घेतो, रेड (एक डिस्क गेली तरी डेटा टिकावा म्हणून डिस्क एकत्र बांधण्याची रचना) बनवतो, रिबिल्डही करतो. फक्त ओपनमॅनेज या डेलच्या देखरेख-सॉफ्टवेअरमध्ये तिच्यासमोर पिवळा त्रिकोण लागतो. तो निरुपद्रवी आहे म्हणून सोडून देऊ नका. सतत पिवळं बघायची डोळ्यांना सवय झाली की उद्या दुसऱ्या डिस्कचा खरा इशारा येतो तो त्याच पिवळ्यात हरवतो. ओपनमॅनेजच्या स्टोरेज सेवेची ‘एसटीएसव्हीसी’ नावाची आयएनआय फाइल असते, तिच्यात ‘नॉनडेलसर्टिफाइडफ्लॅग’ ही ओळ आहे. तिथलं ‘यस’ काढून ‘नो’ करा आणि सेवा रीस्टार्ट करा. त्रिकोण जातो.

एचपीच्या स्मार्ट अ‍ॅरेलाही बाहेरच्या डिस्कचं वावडं नाही. जेन८ पासूनच्या कॅडीत मात्र चिप असते. स्वस्तातली नकली कॅडी घेतली तर डिस्क चालते, पण कॅडीवरचे दिवे लागत नाहीत. बारा डिस्कच्या शेल्फमध्ये कुठली डिस्क मेली हे दिव्यावरून कळणार नसेल तर पुढच्या वेळी चुकीची डिस्क उपसली जाण्याची पुरेपूर सोय झाली. शिवाय आयलोला (सर्व्हरवर लक्ष ठेवणाऱ्या एचपीच्या चिपला) डिस्कचं तापमान वाचता आलं नाही तर काही मॉडेलमध्ये पंखे कायम जोरात फिरतात. कॅडी अस्सल घ्या, जुनी चालेल. डिस्क बाहेरची घाला.

एनएएस (नेटवर्कवरची डिस्कपेटी) बनवणाऱ्या सिनॉलॉजीने एप्रिल २०२५ मध्ये उलटा प्रवास सुरू केला. प्लस मालिकेच्या २०२५ च्या मॉडेलवर यादीबाहेरच्या डिस्कने नवा स्टोरेज पूल (डिस्क एकत्र करून केलेला साठा) करायला मनाई केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डीएसएम (सिनॉलॉजीची ऑपरेटिंग सिस्टिम) ७.३ आलं आणि या मॉडेलवर हार्ड डिस्क आणि अडीच इंची साटा (साध्या संगणकांतली डिस्क-जोडणी) एसएसडीसाठीचं बंधन उठलं. एम.२ एसएसडीसाठी यादी राहिली. त्यामुळे ‘सिनॉलॉजीवर आता बाहेरची डिस्क चालत नाही’ असं कुणी सांगितलं तर आधी मॉडेल आणि डीएसएमची आवृत्ती विचारा.

खरं जड कुलूप ईएमसी व्हीएनएक्स आणि नेटअ‍ॅप फाससारख्या दोन कंट्रोलरच्या अ‍ॅरेंना असतं. तिथे डिस्कची ओळख-स्ट्रिंग तपासली जाते आणि सेक्टरही (डिस्कवरचा डेटाचा सगळ्यात लहान तुकडा) वेगळा असतो. अशा अ‍ॅरेत बाहेरची डिस्क घालण्याच्या फंदात मी पडणार नाही, तुम्हीही पडू नका. त्यांच्यासाठी त्याच पार्ट नंबरची जुनी, तपासलेली डिस्क शोधावी. तीही मिळत नसेल तर डेटा हलवायची वेळ आलेली आहे.

५२० बाइटचं प्रकरण

साध्या डिस्कचा सेक्टर ५१२ बाइटचा. या मोठ्या अ‍ॅरेंमध्ये तो ५२० चा असतो. वरच्या आठ बाइटांत अ‍ॅरे प्रत्येक सेक्टरची पडताळणी ठेवतो, म्हणजे डिस्कने चुकीचा सेक्टर मुकाट्याने परत दिला तरी तो पकडता येतो. टी१० या मानक-समितीच्या प्रमाणित पद्धतीत या आठांची वाटणी अशी असते: दोन बाइट सीआरसी (पडताळणीचा आकडा), दोन अ‍ॅप्लिकेशनसाठी, चार सेक्टरच्या पत्त्यासाठी.

यावरून दोन गोष्टी निघतात. साटा डिस्क ५२० वर फॉरमॅट होत नाही, तेव्हा तिकडे तिचा विषयच संपतो. आणि अ‍ॅरेतून काढलेली सॅस (सर्व्हरमधली जोडणी) डिस्क स्वस्तात मिळाली म्हणून साध्या सर्व्हरमध्ये घातली तर ती दिसते, पण वापरता येत नाही. तिला आधी ५१२ वर आणावं लागतं.

त्यासाठी लिनक्सवर एसजी३-यूटिल्समधलं ‘एसजी-फॉरमॅट’ वापरतात. डिस्क रेड कंट्रोलरच्या मागे नको, साध्या एचबीएवर (रेड न करता डिस्क थेट दाखवणाऱ्या कार्डावर) हवी. आयटी मोडमधलं, म्हणजे रेड बंद असलेलं, ९२११-८आय किंवा ९२०७-८आय कार्ड या कामाला उत्तम. फॉरमॅट करताना आकार ५१२ द्या आणि संरक्षण-माहितीचा पर्याय शून्य करा. दुसरी गोष्ट राहिली तर सेक्टर ५१२ चा दिसतो पण डिस्क टाइप १ किंवा २ चं संरक्षण धरून बसते, आणि बरेच कंट्रोलर ती घेत नाहीत. सगळा पृष्ठभाग लिहिला जातो, त्यामुळे वेळ क्षमतेवर जातो: ४ टीबीची डिस्क सरासरी १५० एमबीच्या वेगाने धरली तर साडेसात तास. टर्मिनल बंद झालं तरी काम डिस्कच्या आतच चालू राहतं, पण वीज गेली तर डिस्क ‘फॉरमॅट बिघडलं’ असं सांगत बसते आणि एकही सेक्टर वाचू देत नाही. डिस्क मेली असं समजून भंगारात टाकू नका. पहिल्यापासून पुन्हा फॉरमॅट करा, बहुतेक वेळा उठते. आपल्याकडची वीज लक्षात घेता हे काम यूपीएसवरच करावं.

अ‍ॅरेतून आलेल्या डिस्कची आणखी एक खोड: तिचा राइट कॅश (लिहायचा डेटा क्षणभर धरणारी स्मृती) बंद ठेवलेला असतो. मूळ अ‍ॅरेत तेच बरोबर होतं. तुमच्या सर्व्हरवर तिचा लिहिण्याचा वेग अगदीच मरगळलेला दिसला तर एसडीपार्म या लिनक्स टूलने डब्ल्यूसीई (राइट कॅश चालू-बंद) हा बिट बघा. चालू करायचा का नाही हे मात्र वरच्या रचनेवर ठरवा. झेडएफएससारखी फाइल सिस्टिम वेळेवर फ्लश (कॅशमधलं डिस्कवर उतरवणं) मागते, तिथे चालेल. बॅटरीवाल्या रेड कंट्रोलरच्या मागे डिस्कचा कॅश बंदच राहू द्या. कंट्रोलरचा कॅश बॅटरीवर तगतो, डिस्कचा नाही.

माप जुळवणं

‘४ टीबी’ लिहिलेली प्रत्येक डिस्क सेक्टरच्या हिशेबात सारखी असते का? आजकाल बहुधा असते, कारण कंपन्या आयडेमा या डिस्क-उद्योगाच्या संघटनेचं सूत्र पाळतात: ९,७६,९६,३६८ अधिक १९,५३,५०४ गुणिले (जीबीतली क्षमता उणे ५०). ४००० जीबीला हे ७,८१,४०,३७,१६८ सेक्टर येतं, ८००० जीबीला १५,६२,८०,५३,१६८. विकत घेण्याआधी डेटाशीटवर हा आकडा बघा, आणि अ‍ॅरेतल्या जिवंत डिस्कचा आकडा लिनक्सच्या ‘ब्लॉकडेव्ह’ने काढून त्याच्याशी ताडा. कंपन्यांच्या खास फर्मवेअरच्या डिस्क आणि जुन्या डिस्क या सूत्राला धरून असतीलच असं नाही. नवी डिस्क थोडीशी जरी लहान पडली तर एमडी (लिनक्सचं सॉफ्टवेअर रेड) आणि झेडएफएस दोघेही तिला नाकारू शकतात. मेगारेड कंट्रोलर क्षमता खालच्या बाजूला गोल करतो, सेटिंगप्रमाणे १२८ एमबीला किंवा १ जीबीला, त्यामुळे तिथे थोडा फरक खपतो. नवीन अ‍ॅरे रचतानाच पार्टिशन शंभरेक एमबी लहान ठेवलं असेल तर ही कटकटच उरत नाही.

क्षमतेपेक्षा जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे सेक्टरचा प्रकार. ५१२एन म्हणजे आत-बाहेर दोन्हीकडे ५१२. ५१२ई म्हणजे आत ४०९६, बाहेर ५१२ चं सोंग. ४केएन म्हणजे दोन्हीकडे ४०९६. लेबलावर हे बारीक अक्षरात असतं, किंवा नुसतं मॉडेल नंबरच्या शेपटीत. ५१२एनच्या अ‍ॅरेत ४केएन जात नाही. ५१२ई जाते, पण जुनी पार्टिशन ४०९६ च्या पटीत नसतील तर प्रत्येक छोट्या लिहिण्यासाठी डिस्कला वाच-बदल-लिही करावं लागतं आणि तिचा वेग पार बसतो. ६०० जीबीची १० हजार आरपीएमची सॅस डिस्क मिळत नाही म्हणून मोठी घेणाऱ्यांनी १.२ टीबीवर थांबावं, त्यात ५१२एन मिळते. १.८ टीबीपासून पुढे ५१२ई आणि ४केएनच.

झेडएफएसमध्ये ही गोष्ट सेक्टरचा आकार सांगणाऱ्या अ‍ॅशिफ्टमध्ये दिसते. जुना पूल अ‍ॅशिफ्ट ९ चा असेल आणि नवी डिस्क ५१२ई असेल, तर ‘रिप्लेस’ करताना सेक्टरचा आकार वेगळा असल्याची तक्रार येते. अ‍ॅशिफ्ट ९ असा पर्याय हाताने दिला की घेते, हळू चालते. ४केएन डिस्क मात्र तिथे कुठल्याच पर्यायाने जाणार नाही, आणि व्हीडेव्हचा (पुलातल्या डिस्कच्या गटाचा) अ‍ॅशिफ्ट नंतर बदलता येत नाही. सीगेटच्या एक्सॉस मालिकेतल्या बऱ्याच डिस्क ५१२ई आणि ४केएन यांत अदलाबदल करू देतात. कंपनीच्या सीचेस्ट टूलने ते काही क्षणांत होतं. डेटा अर्थातच जातो.

डिस्क घेतली, आता वागणूक

इथे सगळ्यात जास्त अपघात होतात, म्हणून थोडं थांबून बघू.

घरगुती डिस्कला एखादा सेक्टर वाचता आला नाही तर ती हट्टाने पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, कधीकधी दोन मिनिटांपेक्षाही जास्त. एकट्या डिस्कसाठी हे योग्यच, तिच्याकडे दुसरी प्रत नसते. रेडमध्ये दुसरी प्रत असते, त्यामुळे तिथे डिस्कने लवकर हात वर केलेले बरे. रेडसाठीच्या डिस्क साधारण ७ सेकंदांत चूक कळवतात. वेस्टर्न डिजिटल याला टीएलईआर म्हणते, सीगेट ईआरसी. ही सोय नसलेली डिस्क एका खराब सेक्टरवर अडून बसली की कंट्रोलरला वाटतं ती मेली, आणि तो तिला अ‍ॅरेतून काढून टाकतो. डिस्क ठणठणीत, तरी अ‍ॅरे डिग्रेड (एका डिस्कने कमी). हेच रिबिल्डच्या मध्यात उरलेल्या डिस्कपैकी एकीने केलं तर रेड ५ (एकच डिस्क गेलेली सोसणारा) तिथेच बसतो.

लिनक्सवर स्मार्टसीटीएल या तपासणी-टूलला एससीटी-ईआरसीचा लॉग विचारा. ‘७०, ७०’ दिसलं तर वाचणं आणि लिहिणं दोन्हीला ७ सेकंद. एकक सेकंदाचा दहावा भाग आहे. ‘डिसेबल्ड’ दिसलं तर तिथेच ७०, ७० द्या. बऱ्याच डिस्क वीज गेली की हे विसरतात, म्हणून यूडेव्हच्या नियमात किंवा बूट स्क्रिप्टमध्ये घाला. ‘सपोर्ट नाही’ असं आलं तर उलटं करा: कर्नलचा त्या डिस्कसाठीचा टाइमआउट मूळच्या ३० सेकंदांवरून १८० वर न्या. डिस्क अडली की सगळा अ‍ॅरे तेवढा वेळ अडेल, पण ती बाहेर फेकली जाणार नाही. हा उपाय सॉफ्टवेअर रेडपुरता. हार्डवेअर कंट्रोलरच्या मागे ईआरसी नसलेली डिस्क घालूच नये, तिथला टाइमआउट आपल्या हातात नसतो.

दुसरा सापळा एसएमआर. या डिस्कमध्ये ट्रॅक एकावर एक सरकवून लिहिलेले असतात, त्यामुळे मधला एक ट्रॅक बदलायचा तर पूर्ण पट्टा पुन्हा लिहावा लागतो. रोजच्या वापरात एक राखीव कॅश-पट्टा हे झाकून नेतो. रिबिल्डमध्ये तासन्‌तास सलग लिहिणं असतं. तो पट्टा भरतो आणि मग वेग काही एमबीवर येतो. एप्रिल २०२० मध्ये उघड झालं, की एनएएससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्ल्यूडी रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या, मॉडेलच्या शेवटी ‘ईएफएएक्स’ असलेल्या डिस्क एसएमआर होत्या आणि हे कुठे लिहिलेलं नव्हतं. झेडएफएसवर अशी ४ टीबीची डिस्क घालून रीसिल्व्हर (झेडएफएसचा रिबिल्ड) लावलं तेव्हा नऊ दिवसांहून जास्त लागले, जिथे साध्या सीएमआर (ट्रॅक एकावर एक न सरकवणाऱ्या) डिस्कला एक दिवसही लागला नाही. काहींच्या डिस्क तर मध्येच चुका देऊन बाहेर पडल्या. त्यानंतर कंपनीने नावं वेगळी केली: रेड प्लस आणि रेड प्रो म्हणजे सीएमआर, नुसती रेड म्हणजे सावध राहा. सीगेटमध्ये आयर्नवुल्फ आणि आयर्नवुल्फ प्रो सीएमआर. बॅराकुडाच्या बऱ्याच साडेतीन इंची डिस्क एसएमआर, ८ टीबीची एसटी८०००डीएम००४ धरून. दुकानदाराला विचारून उपयोग नाही, कंपनीची यादी बघा. डिस्क हातात असेल तर एचडीपार्मच्या माहितीत ट्रिमचा (नको असलेली जागा डिस्कला कळवणाऱ्या आदेशाचा) उल्लेख शोधा. फिरत्या डिस्कला ट्रिम लागतं ते एसएमआर असल्यामुळेच. ट्रिम दिसलं नाही म्हणून ती सीएमआर ठरत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

तिसरी गोष्ट यांत्रिक. आठ-बारा डिस्क एकाच पेटीत फिरतात तेव्हा एकमेकींना हादरे देतात. एनएएसच्या साध्या मालिका आठ बेपर्यंतच्या (बे म्हणजे डिस्कचा खण) पेटीसाठी, प्रो मालिका चोवीसपर्यंत. घरगुती डिस्कमध्ये हादरे मोजून हेड सावरणारे सेन्सर नसतात. अशी डिस्क बारा बेच्या शेल्फमध्ये चालते, पण हेड सारखं जागेवरून हलतं आणि विलंब वाढत जातो. बिघाड म्हणून दिसत नाही, म्हणून शोधायला वेळ लागतो.

बसवायच्या आधीच्या छोट्या पण छळणाऱ्या गोष्टी

नवी साटा डिस्क बेमध्ये घातली आणि फिरतच नाही, आवाजच नाही, तर ती खराब आहे असं लगेच ठरवू नका. साटा ३.३ पासून वीजजोडणीची तिसरी पिन ‘वीज बंद कर’ या आदेशासाठी वापरतात. तुमचा जुना बॅकप्लेन त्याच पिनवर ३.३ व्होल्ट देत असेल तर डिस्क आज्ञाधारकपणे बंद राहते. यूएसबी पेटीतून काढलेल्या डिस्क आणि काही एंटरप्राइझ मॉडेल असं करतात. उपाय म्हणजे डिस्कच्या वीजजोडणीतल्या पहिल्या तीन पिनांवर कॅप्टॉन टेपची (उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीची) अरुंद पट्टी. तीनही ३.३ व्होल्टच्याच असतात, डिस्कला त्यांची गरज नसते. साधी चिकटपट्टी उष्णतेने सरकते, ती लावू नका. मोलेक्सवरून साटा काढणारे ओतीव प्लास्टिकचे स्वस्त अडॅप्टर तर मुळीच नकोत, ते जळतात.

साटा डिस्क सॅसच्या खाचेत बसते, सॅस साटाच्या खाचेत बसत नाही. पण दोन कंट्रोलरच्या शेल्फमध्ये साटा डिस्कला एकच पोर्ट असल्यामुळे ती एकाच कंट्रोलरला दिसते. दुसऱ्यावर फेलओव्हर झालं (काम त्याच्याकडे गेलं) की ती डिस्क गेली. मूळ कॅडीत डिस्कच्या मागे एक छोटं सर्किट, म्हणजे इंटरपोजर, असेल तर ते जपून काढून नव्या डिस्कला लावा. त्याचंच काम दोन पोर्ट दाखवण्याचं असतं. एकाच व्हर्च्युअल डिस्कमध्ये सॅस आणि साटा मिसळायला पर्क देत नाही, तेव्हा सॅसच्या जागी सॅसच.

मोठ्या क्षमतेच्या काही साडेतीन इंची डिस्कना बाजूची मधली स्क्रूची भोकं नसतात. कॅडी फक्त त्या भोकांवर धरणारी असेल तर डिस्क हलत राहते. साडेतीन इंचीला ६-३२ चे स्क्रू, अडीच इंचीला एम३. अदलाबदल केली तर आटे जातात.

खरेदी

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत चौकशी केली की तीन प्रकारचा माल पुढे येतो: पेटीबंद, ‘ओईएम’ (सिस्टिम बनवणाऱ्यांसाठीचा), आणि ‘रिफर्बिश्ड’. पैसे देण्याआधी सिरियल नंबर घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर वॉरंटी तपासा. ‘ही डिस्क एका सिस्टिमचा भाग म्हणून विकली गेली, विक्रेत्याकडे जा’ असं उत्तर आलं तर वॉरंटी शून्य धरून भाव करा. परदेशातून आणलेल्या डिस्कवर इथे वॉरंटी मिळेलच असं नाही.

२०२५ च्या सुरुवातीला जर्मनीतून बातमी फुटली की सीगेटच्या वापरलेल्या डिस्क तास शून्य करून नव्या म्हणून विकल्या जात होत्या. त्यातल्या बऱ्याच चिया नावाच्या चलनाच्या उत्खननातून आलेल्या असाव्यात असा संशय होता. स्मार्टमधले (डिस्कच्या स्वतःच्या तब्येत-नोंदीतले) तास पुसता येतात. सीगेटच्या फार्म या वेगळ्या लॉगमधले तास मात्र अशा डिस्कवर तसेच राहिलेले आढळले. स्मार्टमॉनटूल्स ७.४ पासून स्मार्टसीटीएल हा लॉग वाचतं. दोन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. स्मार्टमध्ये १२ तास आणि फार्ममध्ये २० हजार असतील तर डिस्क त्याच दिवशी परत करा.

दुसऱ्या कंपनीच्या फर्मवेअरची डिस्क, म्हणजे एचपीच्या सर्व्हरमधून निघालेली डिस्क डेलमध्ये, ही माझ्या मते सगळ्यात वाईट निवड. चालते ती, पण फर्मवेअर अपडेटच्या बाबतीत ती पोरकी होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईने कळवलं की त्यांच्या काही सॅस एसएसडी ३२,७६८ तास चालल्या, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तास, की कायमच्या बंद पडतात आणि डेटाही परत मिळत नाही. मार्च २०२० मध्ये आणखी एक गट निघाला, तो ४०,००० तासांवर मरणारा. एका दिवशी बसवलेल्या सगळ्या एसएसडी एकाच तासाला जातात, रेडची पातळी कुठलीही असो. दुरुस्ती नव्या फर्मवेअरमध्ये होती, आणि ते फर्मवेअर मिळायचं ते एचपीईकडूनच. तेव्हा एक तर तुमच्याच सर्व्हर-कंपनीची डिस्क घ्या, किंवा मूळ उत्पादकाच्या नावाची, जिचं फर्मवेअर त्याच्याच संकेतस्थळावर मिळतं.

डिस्क आली की ती थेट डिग्रेड अ‍ॅरेत घालू नका. वेगळ्या मशीनवर आधी स्मार्टची लांब चाचणी, मग बॅडब्लॉक्सने लिहून-वाचून तपासणी. चार नमुन्यांची पूर्ण फेरी ८ टीबीला चार दिवसांवर जाते. एवढा वेळ नसेल तर एकच नमुना द्या, एका दिवसात होतं. ब्लॉकचा आकार ४०९६ दिला तर साधारण १७.६ टीबीच्या पुढे बॅडब्लॉक्स नकार देतं, १८ टीबीसाठी ८१९२ द्या. शेवटी स्मार्टच्या ५, १९७ आणि १९८ या ओळी शून्य हव्यात. १९९ वाढत असेल तर डिस्क नव्हे, केबल किंवा बॅकप्लेन बघा. सॅस डिस्कवर या ओळी नसतात, तिथे ‘ग्रोन डिफेक्ट’ची संख्या बघायची.

बदलताना

बॅकअप आधी, आणि तो उघडून बघितलेला. मग उरलेल्या डिस्कची तब्येत. रेड ५ मध्ये एक डिस्क गेली की बाकीच्या प्रत्येक डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचला जाणं भाग असतं, आणि महिनोन्‌महिने पेट्रोल रीड किंवा स्क्रब (सगळे सेक्टर वाचून तपासणं) चाललेलं नसेल तर खराब सेक्टर आता सापडतात. एखादी डिस्क आधीच कुरकुरत असेल तर रिबिल्ड लावण्याऐवजी अ‍ॅरे थांबवून तिची डीडीरेस्क्यूने प्रत काढणं जास्त सुरक्षित.

जुनी डिस्क पूर्ण मेलेली नसेल तर ती काढण्याची घाई नको. रिकामा बे असेल तर नवी तिथे घाला आणि एमडीअ‍ॅडमचं ‘रिप्लेस’ किंवा झेडपूलचं ‘रिप्लेस’ दोन्ही डिस्क जोडलेल्या असतानाच चालवा. जुनी जिथे वाचता येते तिथून प्रत होते, नाही तिथे पॅरिटीतून (इतर डिस्कवरच्या जादा माहितीतून). अ‍ॅरे या काळात एका डिस्कने कमी नसतो.

उपसण्याआधी सिरियल नंबर जुळवा. लोकेट दिवा लावा, तो लागत नसेल तर त्या डिस्कवर सतत वाचन चालवून कुठला दिवा लुकलुकतो ते बघा. एसडीए-एसडीबी या नावांवर विसंबू नका, रीबूटनंतर ती बदलतात.

एमडीसाठी पार्टिशन टेबलची नक्कल एसजीडिस्कने करताना एक उलटी खाच आहे: ‘आर’ या पर्यायाच्या लगेच पुढे येते ती नवी, म्हणजे जिच्यावर लिहायचं ती डिस्क, शेवटी येते ती जुनी. उलट टाइप केलं तर चांगल्या डिस्कचं टेबल कोऱ्या टेबलाने पुसलं जातं. नक्कल झाली की ‘जी’ पर्यायाने नव्या डिस्कला नवे ओळख-क्रमांक द्या.

मेगारेडवर किंवा पर्कवर वापरलेली डिस्क घातली की ती ‘फॉरेन’ किंवा ‘अनकॉन्फिगर्ड बॅड’ दिसते. स्टोरसीएलआय या कंट्रोलरच्या टूलने तिला ‘गुड’ करा आणि फॉरेन कॉन्फिगरेशन पुसा, इम्पोर्ट करू नका. तो दुसऱ्या कुणाच्या तरी अ‍ॅरेचा तुकडा आहे. पण पुसण्याआधी यादी नीट वाचा. ‘सगळे फॉरेन पुसा’ हा आदेश सगळेच पुसतो, आणि तुमच्याच अ‍ॅरेची एखादी डिस्क केबल हलल्यामुळे फॉरेन झालेली असेल तर तिचंही कॉन्फिगरेशन जातं. त्यापेक्षा जुनी डिस्क दुसऱ्या मशीनवर आधीच कोरी करून आणावी. यादीत ‘यूजीअनसप’ किंवा ‘यूबीअनसप’ दिसलं तर कंट्रोलर ती डिस्क मानतच नाही, तिथे सेक्टर आणि फर्मवेअर पुन्हा तपासा. सगळं ठीक असेल तर तिला हॉट स्पेअर (तयार राखीव डिस्क) करा, रिबिल्ड आपोआप सुरू होतो. कंट्रोलरच्या कामात रिबिल्डचा वाटा मूळचा ३० टक्के असतो. रात्री वाढवा, कामाच्या वेळी परत खाली आणा. ८ टीबीला १८० एमबीच्या वेगाने सव्वाबारा तास हा सगळ्यात कमी वेळ, वापर चालू असेल तर याच्या दुप्पट-तिप्पट धरा.

रिबिल्ड संपला की लगेच एक पूर्ण स्क्रब किंवा कन्सिस्टन्सी चेक. त्यानंतर स्मार्टडी लावून ठेवा, मेगारेडच्या मागच्या डिस्कही ते बघू शकतं. बाहेरच्या डिस्कच्या बाबतीत सर्व्हर-कंपनीच्या सॉफ्टवेअरवर भरवसा ठेवून चालत नाही, कारण काही वेळा ते तिची बिघाडाची पूर्वसूचना दाखवतच नाही.

उडालेली डिस्क वॉरंटीत असेल तर परत पाठवण्याआधी पुसायची आहे हे लक्षात ठेवा. रेड ५ च्या एका डिस्कवरही अख्ख्या छोट्या फाइली सापडतात, रेड १ ची तर पूर्ण प्रतच असते. डिस्क स्वतः एन्क्रिप्ट करणारी असेल तर लेबलावरच्या ३२ अक्षरी पीएसआयडी या कोडने क्षणात किल्ली बदलता येते. मोटरच फिरत नसेल तर पुसणं शक्य नाही. तिच्यावर ग्राहकांचा किंवा पगाराचा डेटा असेल तर वॉरंटी सोडून द्या आणि प्लॅटरमधून (आतल्या तबकड्यांतून) ड्रिल आरपार काढा. तबकड्या काचेच्या असू शकतात, तेव्हा चष्मा घालून.